'ड्युटी फ्री' आणि प्रवाशाची पेटी

२०२५ च्या जून महिन्यात शाळा नुकतीच सुरू झाली होती. नागरिकशास्त्राच्या तासाला करांविषयी बोलणे चालले असता नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने उभे राहून आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याचे काका व काकी अमिरातीत नोकरीनिमित्त असतात. तीन वर्षांनी ती दोघे मे महिन्यात घरी आली. येताना काकांनी तिकडच्या विमानतळावरील दुकानातून एक नवा मोबाईल फोन विकत घेतला. किंमत आपल्या पैशांत शहाऐंशी हजार रुपये. फोन ज्या पिशवीत घालून दिला होता तिच्यावर ठळक अक्षरांत 'ड्युटी फ्री' असे छापलेले होते. आपल्या देशात उतरल्यावर मात्र कस्टमच्या अधिकाऱ्याने ती पिशवी उघडावयास लावली आणि काकांकडून १३,८६० रुपये शुल्क भरून घेतले.

"सर, फ्री म्हणजे फुकट नव्हे हे मला कळते," तो मुलगा म्हणाला, "पण ड्युटी फ्री म्हणजे ड्युटी नाही, असेच ना? मग ती घेतली कशी?"

घरात या गोष्टीवरून दोन तट पडले होते. अधिकाऱ्याने लुबाडले असे आजीचे मत. दुकानदाराने फसविले असे काकांचे मत. आम्हांस त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही, हे कबूल करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. पावती मिळाली असेल तर ती घेऊन ये, एवढेच आम्ही त्याला सांगितले आणि घरी जाऊन वाचावयास बसलो. आपल्या गोव्यात ज्या घरातील कोणी ना कोणी आखातात अथवा बोटीवर नाही असे घर विरळाच. तेव्हा हा प्रश्न एका विद्यार्थ्याचा नसून अनेक घरांचा आहे, असे वाटल्यावरून त्या वाचनाचा सारांश येथे देत आहोत.

परदेशातून देशात येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेते त्याला सीमाशुल्क म्हणतात. बोलण्यात आपण त्यालाच जकात किंवा कस्टम म्हणतो. 'जकात' हा शब्द मूळचा अरबी. पोर्तुगीज भाषेत कस्टमच्या कचेरीला 'आल्फांदेगा' म्हणतात, आणि गंमत अशी की तो शब्दही अरबीतूनच आलेला आहे. त्याचे मूळ व्यापाऱ्यांच्या उतरण्याच्या जागेला असलेल्या नावात आहे. म्हणजे माल, मुसाफिर आणि कर ही त्रयी फार जुन्या काळापासून एकाच छपराखाली नांदत आलेली आहे.

जकात कशासाठी घ्यावयाची? खजिना भरण्यासाठी, हे उघड उत्तर. पण दुसरेही एक कारण आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच अंगणातले आहे. शिवाजी महाराजांच्या काळी बारदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेथील मिठागरांचे मीठ स्वस्त पडे, म्हणून घाटावरचे व्यापारी ते खरेदी करीत आणि स्वराज्यातील कोकणचे मीठ पडून राही. १६७१ साली महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून बारदेशच्या मिठावर भारी जकात बसविण्याची आज्ञा केली. बाहेरचे मीठ घरच्या मिठापेक्षा महाग पडावे, म्हणजे व्यापारी आपोआप घरच्या बंदराकडे वळतील, हा त्यातील हिशेब होता. आज परदेशी फोनवर अथवा दूरचित्रवाणी संचावर शुल्क बसते त्यामागेही पुष्कळ अंशी हाच हिशेब असतो.

आता असे समजा की, त्या काळी एखादा वाटसरू बारदेशातून कुडाळास चालला आहे आणि त्याच्या फडक्यात भाकरीबरोबर चिमूटभर मीठ बांधलेले आहे. त्या चिमटीवर जकात मागणे कोणाही शहाण्या माणसास हास्यास्पद वाटेल. जकात होती ती बैलांच्या पाठीवरील गोण्यांवर. मात्र गोणी आणि चिमूट यांच्यामध्ये रेघ कोठे ओढावयाची, हा प्रश्न उरतोच. प्रवाशाच्या सामानाचे सगळे नियम, आणि त्यांतील रुपये, ग्रॅम व लिटर यांच्या साऱ्या मर्यादा, हे या एका प्रश्नाचे उत्तर होय. स्वतःच्या उपयोगासाठी वस्तू आणणारा प्रवासी आणि पेटीत दुकान घालून आणणारा व्यापारी यांच्यामधील ती रेघ आहे.

आता पिशवीवरील अक्षरांकडे वळू. त्यांचा जन्म आयर्लंड देशात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप व अमेरिका यांच्यामध्ये विमानांची ये-जा वाढली. परंतु त्या वेळच्या पंख्याच्या विमानांना अटलांटिक महासागर ओलांडण्यापूर्वी तेल भरून घेणे भाग असे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील शॅनन येथे ती उतरत. विमानात तेल भरले जाईपर्यंत प्रवासी तेथील दालनात बसून राहत. तेथील उपाहारव्यवस्था पाहणाऱ्या ब्रेंडन ओ'रीगन या कल्पक गृहस्थाच्या ध्यानात एक गोष्ट आली. हे प्रवासी आयर्लंडच्या भूमीवर उभे आहेत खरे, पण ते आयर्लंडमध्ये आलेले नाहीत! ते येथे विकत घेतील ती वस्तू येथे वापरली जाणार नाही. ती त्यांच्याबरोबर समुद्रापलीकडे जाणार. मग आयर्लंडच्या सरकारने आयर्लंडच्या प्रजेसाठी बसविलेला कर त्या वस्तूवर का घ्यावा? बोटीवर लागणारा शिधा बंदरात बिनशुल्क भरून देण्याची रीत जुनीच होती. तिचाच हा विस्तार होय. १९४७ साली आयर्लंडने त्यासाठी कायदा केला आणि जगातील पहिले शुल्कमुक्त विमानतळ-दुकान शॅननला उघडले.

हे दुकान इतके यशस्वी झाले की पुढे जगभर त्याचे अनुकरण झाले. आपल्याकडील प्रवाशांस सुपरिचित असलेले दुबई विमानतळावरील दुकान १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाले, आणि ते उभारून देण्यास आयर्लंडहूनच माणसे बोलावली होती. त्यांच्यापैकी कोम मॅक्लॉक्लिन हे तेथेच राहिले आणि पुढे त्या संस्थेचे प्रमुख होऊन २०२४ साली निवृत्त झाले.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर जवळ येऊन ठेपले. वस्तू एका देशातून निघते आणि दुसऱ्या देशात शिरते. म्हणजे तिच्या वाटेवर दोन दरवाजे आणि दोन सरकारे असतात. दुकानावरची 'ड्युटी फ्री' ही पाटी पहिल्या दरवाज्यावरची आहे. "आमच्या देशाचा कर आम्ही तुमच्याकडून घेतला नाही," एवढेच ती सांगते. दुसऱ्या दरवाज्याविषयी बोलण्याचा तिला अधिकारच नाही. तिकडच्या दुकानदाराने आपल्या सरकारचे शुल्क माफ करावे, हे शेजाऱ्याने आपल्या घराची घरपट्टी माफ करण्यासारखे आहे. म्हणून दुकानदाराने फसविले नव्हते, आणि अधिकाऱ्यानेही लुबाडले नव्हते. फसवणूक झालीच असेल तर ती दोन इंग्रजी शब्दांनी केली.

दरवाजा असेल तरच ही पाटी लागते, याचा पुरावा युरोपात पाहावयास मिळतो. युरोपीय संघातील देशांनी आपापसांतील जकातीची कुंपणे काढून टाकली. तेव्हा १ जुलै १९९९ पासून संघातील एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रवाशांसाठीची शुल्कमुक्त विक्री बंद झाली. दुकानदारांनी पुष्कळ आरडाओरड केली, परंतु तर्क सरळ होता. कुंपणच नाही, तर कुंपणावरची सवलत कसली? पुढे ब्रिटन संघातून बाहेर पडला, कुंपण पुन्हा उभे राहिले, आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन व युरोपीय संघ यांच्यामधील प्रवाशांना ती दुकाने पुन्हा मिळाली.

परंतु एवढ्या लांब जाण्याचे तरी काय कारण? आमच्या गोमंतकाच्या सीमेने हे सगळे पूर्वीच अनुभवलेले आहे. १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत एक करार झाला आणि १८८० पासून बारा वर्षे ब्रिटिश हिंदुस्थान व गोवा यांच्यामध्ये जकातीची सीमाच उरली नाही. त्या बदल्यात इंग्रज सरकार पोर्तुगीजांना दरसाल चार लाख रुपये देत असे आणि गोव्यातील मिठाचा बंदोबस्त इंग्रजांच्या हाती गेला. मिठागरांवर पोट भरणाऱ्या आपल्या लोकांचे त्यात फार नुकसान झाले. शिवाजी महाराजांच्या पत्रातील तेच बारदेशचे मीठ दोनशे वर्षांनी पुन्हा जकातीच्या कात्रीत सापडले. १८९२ साली करार संपला आणि नाके परत आले.

त्यानंतरच्या काळाच्या आठवणी आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांकडून ऐकावयास मिळत. मुरगावहून निघालेली आगगाडी घाट चढू लागे. पोर्तुगीजांचे नाके कुळें येथे आणि हिंदुस्थानचे कॅसलरॉकला. प्रवाशांनी ट्रंका उघडून दाखवावयाच्या, शिपायाने घड्या विसकटावयाच्या, मुलांनी आईच्या पदराआडून हे पाहावयाचे. गोव्यात परदेशी माल स्वस्त मिळे, म्हणून बेळगावकडील पाहुणे परत जाताना नव्या कापडाची घडी मोडून ते अंगावर घेत आणि नवे घड्याळ मनगटावर बांधीत, असे गमतीने सांगितले जाई. नवी वस्तू वापरलेली दाखविण्याची युक्ती फोनच्या जमान्यातली आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे! १९५५ साली ही रेल्वेवाहतूकच बंद पडली. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि कॅसलरॉकच्या त्या नाक्याचे प्रयोजन संपले. आज त्याच घाटातून जाताना आपण दूधसागर पाहण्यासाठी खिडकीशी गर्दी करतो. पेटीची आठवणही कोणास होत नाही. राज्याराज्यांतील करांची नाकीही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर गेली. मद्य मात्र त्या कराच्या बाहेर राहिले, आणि म्हणून पत्रादेवीला व पोळ्याला गाड्या थांबवून बाटल्यांची तपासणी होते.

मुलाने पावती आणली. ती छापील होती, तिच्यावर रकमेची फोड होती, आणि ती सर्व वर्गाने मिळून फळ्यावर सोडविली. काका आले तेव्हा लागू असलेले प्रवासी सामानाचे नियम २०१६ साली केलेले होते. नेपाळ, भूतान व म्यानमार सोडून अन्य देशांतून येणाऱ्या येथील रहिवाशाला, अंगावरचे कपडे व रोजच्या वापरातील जुन्या चीजवस्तूंखेरीज, पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या नव्या वस्तू बिनशुल्क आणता येत. त्यावरील किमतीवर पस्तीस टक्के शुल्क, आणि २०१८ पासून त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार. फोन शहाऐंशी हजारांचा. त्यातून पन्नास हजार वजा जाता उरले छत्तीस हजार. त्यांचे पस्तीस टक्के म्हणजे १२,६००. त्यांचा दहावा हिस्सा १,२६०. बेरीज १३,८६०. पावतीवरील आकड्याशी ती रुपयाबरहुकूम जुळली तेव्हा वर्गात जो आनंद झाला, तो बीजगणिताच्या तासाला क्वचितच पाहावयास मिळतो.

तथापि काकांची खरी तक्रार निराळीच होती. काकीही बरोबर होत्या आणि त्यांच्या पेटीत नवे असे फारसे काही नव्हते. दोघांचे पन्नास-पन्नास मिळून लाख होतात. मग शहाऐंशी हजारांचा फोन त्यात सहज बसावयास हवा होता. तक्रार ऐकावयास रास्त वाटते. परंतु एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळविता येणार नाही, असे नियमात स्पष्ट म्हटले होते. असे मिळविणे मान्य केले, तर दहाजणांच्या टोळीने एकत्र येऊन एकच पाच लाखांची वस्तू आणावी आणि रेघ पुसून टाकावी, ही वाट मोकळी होते. यावर एका मुलीने हळूच विचारले, "आणि त्रेचाळीस-त्रेचाळीस हजारांचे दोन फोन आणून दोघांनी एकेक घेतला असता तर?" तर काही द्यावे लागले नसते! किंमत तीच, कुटुंब तेच, आणि शुल्क शून्य. रेघ कोठेतरी ओढावी लागते, आणि ती जेथे ओढली जाते तेथे असे चमत्कारिक कोपरे तयार होतात, हे आम्हांस मान्यच करावे लागले.

अशी रेघ जेथे सर्वांत अधिक काचते ती वस्तू म्हणजे सोने. हे प्रकरण आम्ही जरा विस्ताराने सांगणार आहोत, कारण पोरीबाळींच्या लग्नाचे दागिने आखातातून आणणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत.

आपला देश सोन्याचा मोठा गिऱ्हाईक, पण आपल्या खाणींतून निघते ते अगदी थोडे. बाकीचे सारे परकीय चलन देऊन विकत घ्यावे लागते. म्हणून सरकारचा डोळा सोन्यावर सदैव राहिलेला आहे. शुल्क वाढले की चोरटी आयात वाढते आणि शुल्क उतरले की ती मंदावते, हा अनुभवही जुनाच. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरील आयातशुल्क पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा हा विचार सरकारपुढे होताच. प्रवाशाच्या नियमांत सोन्याचे दोन प्रकार मानलेले आहेत. नाणे, बिस्कीट, लगड हा एक प्रकार. त्यास सर्वसाधारण सवलत नाही. दागिना हा दुसरा. एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या पुरुषास वीस ग्रॅम व स्त्रीस चाळीस ग्रॅम वजनाचे दागिने बिनशुल्क आणण्याची मुभा २०१६ च्या नियमांत होती. पण तिच्यापुढे आणखी एक अट जोडलेली होती. पुरुषाच्या दागिन्यांची किंमत पन्नास हजारांवर आणि स्त्रीच्या दागिन्यांची एक लाखावर जाता कामा नये.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. २०१६ साली सोन्याचा भाव ग्रॅमला सुमारे तीन हजार रुपये होता. त्या भावाने एक लाखात तेहतीस ग्रॅम येत. म्हणजे चाळीस ग्रॅमांच्या मुभेला ती अट फारशी बाधत नव्हती. २०२५ च्या एप्रिलमध्ये भाव ग्रॅमला दहा हजारांवर जाऊन पोहोचला. आता एक लाखात दहा ग्रॅम! कायद्याच्या पुस्तकात चाळीस ग्रॅम ही अक्षरे जशीच्या तशी होती, पण प्रत्यक्षात त्यांचा चतुर्थांशच उरला होता. पुरुषाच्या वाट्यास तर पाच ग्रॅम, म्हणजे धड एक अंगठी. कोणी एक ओळही न बदलता नियम बदलून गेला होता, आणि तीन-चार वर्षे उन्हात राबून बायकोसाठी बांगड्या घेऊन येणारा माणूस विमानतळावर उभा राहून विचारात पडे की, वजन तर बरोबर आहे, मग चुकले कोठे?

२ फेब्रुवारी २०२६ पासून प्रवासी सामानाचे नवे नियम आले आणि त्यांत ही गाठ सोडविलेली आहे. स्त्रीस चाळीस व पुरुषास वीस ग्रॅम ही वजने कायम ठेवून किमतीची अट काढून टाकली. त्याच नियमांनी पन्नास हजारांची सर्वसाधारण सवलत पंचाहत्तर हजारांवर नेली. काकांचा फोन त्यानंतर आला असता, तर शुल्काचा दर पूर्वीचाच धरला तरी अकरा हजारांवर ४,२३५ रुपये द्यावे लागले असते. हे आकडे पुढेही बदलतील. २०१३ सालच्या ऑगस्टपर्यंत परदेशातून येणारे लोक सपाट दूरचित्रवाणी संच सवलतीत आणीत; रुपया घसरू लागला तेव्हा सरकारने एका अधिसूचनेने ती मुभा काढून घेतली. म्हणून शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय आणले होते यावर विसंबून राहू नये. निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाने प्रसिद्ध केलेला त्या दिवशीचा तक्ता पाहावा.

येथून अंगावर घालून गेलेल्या दागिन्यांचा प्रश्न निराळा. ते येथलेच आहेत हे परत येताना सिद्ध करणे कठीण जाते. त्यावर उपाय असा की, जातानाच विमानतळावरील कस्टमच्या अधिकाऱ्यास ते दाखवून, ते देशाबाहेर नेत असल्याचा दाखला लिहून घ्यावा. त्यासाठी अर्धा तास लवकर निघावे लागते. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत हा दाखला नावानेही माहीत नव्हता.

आता त्या हिरव्या व तांबड्या वाटांविषयी. सामान घेऊन बाहेर पडताना दोन वाटा असतात. ज्याच्याजवळ शुल्क लागण्याजोगे अथवा बंदी असलेले काही नाही त्याने हिरव्या वाटेने जावे, बाकीच्यांनी तांबड्या. आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की, तांबडी वाट ही गुन्हेगारांची आणि हिरवी सज्जनांची. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या सत्याहत्तराव्या कलमान्वये आपल्या सामानात काय आहे हे सांगणे प्रवाशाचे कर्तव्य आहे, आणि हिरव्या वाटेवर पाऊल टाकणे हेच "माझ्याजवळ काही नाही" असे सांगणे मानले जाते. तोंडाने एक अक्षर न बोलता तेथे जबानी होऊन जाते! मग पेटीत मर्यादेबाहेरची वस्तू निघाली तर ती जप्त होऊ शकते, वर दंड होतो, आणि मोठ्या रकमेची चोरटी आयात असेल तर सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. काका पिशवीवरील अक्षरांच्या भरवशावर हिरव्या वाटेने गेले होते. अधिकाऱ्याने त्यांच्याकडून शुल्कच तेवढे घेतले, ही त्याची समजूतदारी म्हणावयाची.

तांबड्या वाटेचा आणखी एक फायदा आहे, जो फारसा कोणास ठाऊक नसतो. वस्तू खरेपणाने दाखविली पण शुल्क भरण्याइतके पैसे जवळ नसले, अथवा शुल्क भरून ती घेणे परवडत नसले, तर त्याच कायद्याच्या ऐंशीव्या कलमाप्रमाणे ती कस्टमकडे ठेवून घेण्याची विनंती करता येते. पावती मिळते, आणि परत परदेशी जाताना वस्तू परत मिळते. हिरव्या वाटेवर पकडल्या गेलेल्या वस्तूला ही सोय नाही.

पिशवीविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमान बदलावयाचे असेल तर दुकानदार बाटल्या, अत्तरे इत्यादी पातळ पदार्थ एका चिकटबंद पारदर्शक पिशवीत घालून देतात आणि वाटेत ती उघडू नका असे बजावतात. २००६ साली लंडनला विमानांत स्फोट घडविण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून विमानात पातळ पदार्थ नेण्यावर जी बंधने आली, त्यांतून ही पिशवी निघाली. तिचा संबंध सुरक्षिततेशी आहे, शुल्काशी नाही. मद्याची मर्यादा २०१६ च्या नियमांत दोन लिटर होती, सिगारेटींची शंभर. चिकटबंद पिशवीत तीन लिटर असले, तर ते तीनच मोजले जात.

येताना आपल्या दरवाज्याचा विचार करावयाचा, तसा जाताना दुसऱ्याच्या दरवाज्याचा. जुलैमध्ये काका परत निघाले तेव्हा घरात नेहमीप्रमाणे डबे भरले गेले. आजीने अनारसे केले होते. काकांना ते लहानपणापासून आवडतात, आणि अनारसा म्हटला की त्याच्या एका अंगाला खसखस आलीच. आमच्या विद्यार्थ्याने मात्र एव्हाना या विषयात इतके लक्ष घातले होते की, अमिरातीच्या बंदीच्या यादीत त्याने खसखस हे नाव शोधून काढले होते. खसखस अफूच्या बोंडातून निघते. आपल्याकडे ती स्वयंपाकघरातील साधी जिन्नस. तिकडे मात्र अमली पदार्थांत गणली जाते आणि ती बाळगल्याबद्दल लोकांना तुरुंगात जावे लागलेले आहे. कोडीन, ट्रामाडॉल यांसारखी द्रव्ये असलेली औषधेही डॉक्टरांच्या कागदाखेरीज व तिकडील परवानगीवाचून नेता येत नाहीत. शेजारच्या एका बाईंनी आपल्या मुलाला देण्यासाठी खोकल्याच्या औषधाची बाटली कागदात गुंडाळून आणून दिली होती, तीही त्याने उघडावयास लावली. बाईंना राग आला. आपल्यावर अविश्वास दाखविला असे त्यांस वाटले, आणि त्यांचे वाटणे चुकीचे होते असेही म्हणवत नाही. बाटली परत गेली.

आजीचे समाधान करणे अधिक कठीण गेले. "खसखशीवाचून अनारसा म्हणजे काय, नुसती पुरी?" असे त्या म्हणाल्या म्हणे. डबा पुन्हा उघडला गेला, अनारसे घरच्या मुलांच्या वाट्यास आले, आणि काकांबरोबर चकल्या व बेसनाचे लाडू गेले. त्या अनारशांपैकी चार दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या खोलीतही पोहोचले होते.